आईचा मुठीचा डबा आणि आपलं रोजचं देणं

मूठभर_ज्वारी (छत्रपती संभाजीनगर, माहेर जालना)

सगळ्यांना सलाम.

जालन्याला आमच्या स्वयंपाकघरात कणगीशेजारी डालड्याचा एक जुना डबा असायचा. दळण काढायला बसली की आई सुपात ज्वारी घ्यायच्या आधी एक मूठ त्या डब्यात टाकायची. आधी टाकायची, हे मला आता फार महत्त्वाचं वाटतं. पाखडून, निवडून, घरापुरतं झाल्यावर उरेल ते नाही, पहिली मूठच. शनिवारी चर्चच्या महिला मंडळाच्या बाया घरोघर फिरून पिशवीत धान्य जमा करायच्या, पाळकीणबाई, म्हणजे पाद्रींची बायको, ते शेरानं मोजायच्या आणि सोमवारपर्यंत ते कुठंतरी पोचलेलं असायचं. कुठं, ते आम्हा लेकरांना कधीच कळलं नाही. एकदा मी हट्टानं विचारलं तर आई म्हणाली, "तुला कळलं तर तू त्यांच्या लेकरांकडं वेगळ्या नजरेनं बघशील."

आजी सांगायची, बहात्तरच्या दुष्काळात मिलोच्या, म्हणजे बाहेरून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरी खायची पाळी आली तेव्हासुद्धा डबा बंद झाला नाही. मुठीची चिमूट झाली एवढंच.

आता माझं सांगते. मी शाळेत शिकवते, मिस्टर वाळूजला कंपनीत आहेत. दर महिन्याच्या अर्पणात कधी खंड पडू दिला नाही. मागच्या महिन्यात आमच्याकडं काम करणाऱ्या मावशींनी लेकीच्या फीसाठी दोन हजार रुपये आगाऊ मागितले. महिनाअखेर होती. मी म्हणाले, "बघू, दोन दिवसांनी." त्याच रात्री मोबाईलवरून चर्चचं अर्पण पाठवत होते. सहावीतला मुलगा शेजारी बसून बघत होता. तो म्हणाला, "मम्मी, मग मावशींना नाही काहून म्हणालीस?"

मला उत्तर देता आलं नाही, अजूनही देता येत नाही. म्हणून विचारते. रविवारची थैली सोडून, रोजच्या घरात, रोजच्या बाजारात तुम्ही देणं कसं सांभाळता? काय जमतं, काय जमत नाही, मोकळेपणानं सांगा.

---

हिशेबनीस (परभणी)

ताई, सलाम.

आमच्या चर्चच्या मंडळीचा खजिनदार म्हणून मी बरीच वर्षं थैली मोजतोय. उपासना संपली की वडीलमंडळींपैकी दोघं आणि मी टेबलावर थैली रिकामी करतो. बहुतेक नोटा सरळ असतात. एक दहाची नोट मात्र दर रविवारी आठ घड्या घालून बारीक केलेली निघते, तिला हळदीचा पिवळा डाग असतो. कुणाची ते मला माहीत आहे. ती बाई लग्नकार्यात पोळ्या लाटायला जाते. ती नोट उलगडताना माझा हात दर वेळी हळू होतो. मंदिराच्या भांडारासमोर बसून प्रभू येशूनं श्रीमंतांची मोठी दानं पाहिली आणि विधवेच्या दोन टोल्यांचीच, म्हणजे दोन अगदी बारक्या नाण्यांचीच, नोंद घेतली. तेव्हा भांडार मोजणारे लोकही असतीलच. त्यांना त्या दोन टोल्या दिसल्या असतील का, असं माझ्या मनात येतं.

तुमच्या मुलाचा प्रश्न शास्त्रातच आहे. नीतिसूत्रे ३:२८ काढून बघा. तुझ्याजवळ असताना शेजाऱ्याला "जा, उद्या ये" म्हणू नको, असा त्याचा अर्थ. तुमचं "दोन दिवसांनी" वाचलं आणि मला तेच वचन आठवलं. हे तुम्हाला टोचायला लिहीत नाही, मीही हे किती वेळा केलंय.

दशांशाबद्दलही थोडं. पगाराचा दहावा भाग चर्चच्या खात्यात भरला की झालं, असं आपण धरून चालतो. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाचा १४ वा अध्याय नीट वाचा. तिथं दशांशाचं धान्य, द्राक्षारस, तेल कुटुंबानं देवासमोर बसून आनंदानं खायचं आहे आणि लेवीला, म्हणजे देवाच्या सेवेतल्या, जमीन नसलेल्या माणसाला, विसरायचं नाही. दर तिसऱ्या वर्षाचा दशांश तर गावातच साठवून ठेवायचा. तो लेवी, परदेशी, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खाण्यासाठी. म्हणजे मावशीच्या लेकीची फी दशांशाच्या बाहेरची गोष्ट नाही. मत्तय २३ मध्ये प्रभू परूश्यांना, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या धर्मपुढाऱ्यांना, हेच सुनावतो. पुदिना, शेप आणि जिऱ्याचा दशांश मोजून देता, पण न्याय, दया आणि विश्वास सोडून देता. न्याय-दया तर करायचीच होती, पण दशांशही सोडायचा नव्हता.

---

धुऱ्याकडची_तूर (अंबड तालुका)

सलाम ताई. मी शेतकरी माणूस, शेतातलंच सांगतो.

आमची सात एकर. सोयाबीन आणि तुरीचा पट्टा असतो, खाली थोडा कापूस. लेवीय १९ मध्ये लिहिलंय की शेत कापताना कडेकोपऱ्यापर्यंत सगळं कापू नका, पडलेला सरवा वेचू नका, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. लहानपणापासून संडे स्कूलला ऐकलेलं, पण आपल्याला लागू होतं असं कधी वाटलंच नाही. तीनेक वर्षांपूर्वी ठरवलं, धुऱ्याकडची तुरीची दोन तासं काढायची नाहीत.

पहिल्या वर्षी मी चूक केली. उपकारस्तुतीच्या उपासनेत उभं राहून सांगितलं की ज्याला गरज असंल त्यानं यावं, आमच्या धुऱ्याकडची तूर घेऊन जावी. सगळ्यांनी आमेन म्हटलं. पण एक माणूस फिरकला नाही. शेंगा तडकून दाणे भुईला पडले, पाखरांनी खाल्ले. मला राग आला. घरी बायकोला म्हटलं, लोकांना फुकट दिलेलं पण नको. ती म्हणाली, "तुम्ही मंडळीसमोर बोललात. आता जी बाई तुमच्या शेतात जाईल ती सगळ्या मंडळीसमोर गरीब ठरंल. कोण येईल?"

दुसऱ्या वर्षी तोंड बंद ठेवलं. गुत्त्यानं काढणी दिली होती, त्या मजुरांना एवढंच सांगितलं की धुऱ्याकडं हात लावू नका. चार दिवस गेले. पाचव्या दिवशी सकाळी पाण्याच्या पाळीला गेलो तर दोन बाया आणि एक पोरगी विळे घेऊन लागल्या होत्या. मला पाहून उभ्या राहिल्या. मी लांबूनच वळलो, विहिरीकडं गेलो, मोटार चालू केली आणि तिथंच बसून राहिलो. दुपारी आलो तेव्हा दोन्ही तासं साफ होती. तुऱ्हाट्यासुद्धा जळणाला नेल्या होत्या.

रूथच्या पुस्तकात शेतमालक बवाज गड्यांना सांगतो की सरवा वेचणाऱ्या रूथसाठी पेंढ्यांतून मुद्दाम काही कणसं गळू द्या, आणि तिला दटावू नका. ते "दटावू नका" मला त्या दिवशी विहिरीवर कळलं.

---

औसा_रोड (लातूर)

वरचं वाचून डोळ्यांत पाणी आलं, दादा.

मी नर्स आहे. देण्यापेक्षा घेण्याबद्दल बोलते, कारण माझं बालपण घेणाऱ्याच्या बाजूला गेलं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमाराची वेळ. किल्लारीच्या भूकंपात आमचं घर पडलं. मी तेव्हा सातवीत होते. पुढचे कितीतरी दिवस गाड्या येत होत्या. त्यात जुन्या कपड्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे. बटणं तुटलेले शर्ट, फाटक्या साड्या. ज्यांच्या घरातली माणसं दगडमातीच्या भिंतींखाली गेली होती, ते लोक त्या ढिगातून काय उचलणार? ढीग रस्त्याच्या कडेला भिजत पडले. देणाऱ्यांची मनं वाईट नव्हती. त्यांनी विचारलं नव्हतं एवढंच.

दोन बाया मात्र आमच्या पत्र्याच्या शेडपाशी येऊन माझ्या मायजवळ बसल्या. आधी काही बोलल्याच नाहीत. मग विचारलं, "बाई, चूल पेटवायला काय कमी पडलालंय?" माय म्हणाली तवा नाही, परात नाही. दुसऱ्या दिवशी नवा तवा, परात, काडेपेट्या आणि पाच किलो पीठ घेऊन आल्या. तो तवा अजून माझ्याकडं आहे. मी ख्रिस्ती झाले त्याची सुरुवात तिथून, असं मायही म्हणायची आणि मीही मानते. त्यांनी आमच्यापुढं धर्माचा एक शब्द काढला नव्हता. त्या रविवारी कुठं जातात, ते आम्ही पुढं आपणहून विचारलं.

दुसरी गोष्ट येळवशीची. आम्हाला शेत नाही. दर वर्षी मार्गशीर्षातल्या अमावास्येला शेजारच्या काकू आम्हाला त्यांच्या शेतात घेऊन जातात. भज्जी, आंबील, उंडे, खीर. शेत नसलेल्याला त्या दिवशी घरी बसू द्यायचं नाही, ही आमच्या लातूरची रीतच आहे. ख्रिस्ती घर म्हणून काकूंनी आम्हाला एकदाही वगळलं नाही. नाताळ साधारण त्याच दिवसांत येतो. मग मी करंज्या आणि चकल्यांचा डबा घेऊन त्यांच्याकडं जाते, आणि तो डबा कधी रिकामा परत येत नाही. ज्याला घेताच येत नाही त्याच्या देण्यात थोडा ताठा राहतो, असं मला वाटतं.

ताई, तुमच्या आईच्या डब्यावरून आठवलं. माझ्यासोबत मिझोरामची एक सिस्टर होती. तिच्याकडं प्रत्येक घरात भात शिजवताना मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढतात. बुहफाइ थाम म्हणतात त्याला. १९१० पासून चालू आहे आणि त्यावर तिथल्या चर्चचं केवढं तरी काम उभं राहिलंय. ती सांगत होती तेव्हा मला वाटलं ही त्यांचीच रीत. आज कळलं की जालन्यात पण होती.

---

कोयत्याच्या_गावचा (बीड जिल्हा)

मी इथं फक्त वाचत असतो. आज लिहितो.

तुम्ही सगळे चांगलं बोलताय, पण देण्याची दुसरी बाजू मी भोगलीय. वडील डायलिसिसवर होते. एका सभेत बाहेरून आलेल्या प्रचारकानं व्यासपीठावरून सांगितलं की विश्वासाचं बी पेरा, जेवढं पेराल तेवढं देव वाढवून देईल, घरातला आजार निघून जाईल. मी पंधरा हजार दिले. माझ्याकडं नव्हते, व्याजानं काढून दिले. वडील दीड महिन्यात गेले. नंतर कुणीतरी म्हणालं, तुझा विश्वास कमी पडला. त्या दिवसापासून मी चर्चच्या दारात गेलो नाही, पाच वर्षं झाली. दशांश हा शब्द ऐकला की छातीत काहीतरी आवळतं.

---

हिशेबनीस (परभणी)

भाऊ, तुमच्या वडिलांसाठी फार वाईट वाटतं. आणि "विश्वास कमी पडला" हे वाक्य तुम्हाला ऐकावं लागलं याची मला लाज वाटते, कारण असं बोलणारे आमच्यातलेच असतात.

प्रेषित पौलानं करिंथकरांना, म्हणजे करिंथ शहरातल्या मंडळीला, पैशांबद्दलच लिहिलं आहे, दुसऱ्या पत्राच्या ८ व्या अध्यायात. माणसाजवळ जे असेल त्यावरून दान मान्य होतं, नसेल त्यावरून नाही. पुढच्याच अध्यायात आहे की दुःखानं नको, भाग पडतं म्हणून नको, ज्यानं त्यानं आपल्या मनात ठरवलं तेवढं द्यावं. कर्ज काढून बी पेरायला सांगणारा यातलं काय वाचून आला होता?

मार्क ७ मध्ये कुर्बानची गोष्ट आहे. लोक आईबापांना जे द्यायचं ते "कुर्बान, देवाला वाहिलं" म्हणून अडवून ठेवायचे, आणि प्रभू त्यांना म्हणतो की तुम्ही देवाची आज्ञाच मोडता. बापाच्या औषधाचा पैसा आधी बापाचा. दोन टोल्यांची गोष्ट आम्ही व्यासपीठावरून फार सांगतो, पण तिच्या लगेच आधीचं वचन वाचत नाही. तिथं प्रभू विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांबद्दल बोलतो.

आमच्याकडेही एक चूक होती. वर्षाच्या शेवटी कुठल्या घरानं किती दिलं याची यादी चर्चच्या फलकावर लागायची, पहिलं नाव सगळ्यात मोठ्या रकमेचं. मी खजिनदार झाल्यावर दोन वर्षं भांडलो, तेव्हा रकमा निघाल्या. आता ज्याची पावती त्याच्या हातात जाते. जमाखर्च मात्र पैन् पै मंडळीसमोर वाचतो. देणाऱ्याचं नाव झाकलं तरी पैसा कुठं गेला ते झाकायचं नाही, या मताचा मी आहे.

---

वैजापूरकर

जय ख्रिस्त. मी कॅथलिक, त्यामुळे आमच्याकडचं थोडं सांगतो.

राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, मिस्सामध्ये (आमच्या उपासनेत) मत्तयचा ६ वा अध्याय वाचतात. दान, प्रार्थना आणि उपवास तिन्ही एका ठिकाणी, आणि तिन्ही गुप्तपणे करायला सांगितलेली. माझे आजोबा उपवासकाळाचे चाळीस दिवस मटण बंद करायचे आणि तेवढे पैसे एका मडक्यात टाकायचे. ते म्हणायचे, नुसतं मटण सोडून पैसा खिशात ठेवला तर तो उपवास नाही, ती बचत आहे.

सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. १८३३ मध्ये पॅरिसला फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या कॉलेजातल्या मित्रांनी सुरू केली, आज जगभर आहे. त्यांचं मुख्य काम म्हणजे घरी जाऊन भेटणं. पैसे पाठवून देणं नाही, दोघांनी मिळून त्या घरी जायचं, बसायचं, ऐकायचं. औसा रोडवाल्या ताईंनी तव्याची गोष्ट सांगितली ती नेमकी हीच.

बीडच्या भाऊंना एवढंच म्हणतो, तुम्ही चर्चला यावं म्हणून मी काही लिहिणार नाही. तुम्ही इथं लिहिलंत त्याबद्दल आभार.

---

कोयत्याच्या_गावचा (बीड जिल्हा)

आभार काका.

एक विचारायचं होतं. आमच्या वस्तीवरची निम्मी घरं दसऱ्यानंतर कोयता घेऊन कारखान्यावर जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते, जावंच लागतं. पार मार्च-एप्रिलपर्यंत घराला कुलूप. शेजारची दोन लेकरं आजीजवळ राहतात, शाळा बुडू नये म्हणून. आजीला मोतीबिंदू, तिला चुलीचा जाळ नीट दिसत नाही. मागच्या हिवाळ्यात धाकट्याचा हात भाजला. तेव्हापासून माझी बायको सकाळच्या भाकरी थापताना चार जास्त थापते आणि पोरं शाळेला निघताना आमच्याकडून डबा घेऊन जातात. संध्याकाळी थोरल्याला मी पाढे घेतो.

हे मी देवासाठी करत नाही. खरं सांगायचं तर देवाशी माझं बोलणं बंद आहे. मग हे देणं धरायचं का?

---

धुऱ्याकडची_तूर (अंबड तालुका)

दादा, मत्तय २५ मध्ये ज्यांना राजा "या" म्हणतो, ते त्यालाच उलट विचारतात. प्रभू, आम्ही कधी तुला भुकेला पाहिलं आणि खायला दिलं? त्यांना माहीतच नव्हतं. त्यांनी पण त्याच्यासाठी म्हणून केलं नव्हतं. तुमच्या बायकोला माझा सलाम सांगा. त्या आजीच्या डोळ्यांचं ऑपरेशन सरकारी दवाखान्यात फुकट होतं. कुणी न्यायला नसंल तर मला मेसेज करा, माझी जीप आहे.

---

मूठभर_ज्वारी (छत्रपती संभाजीनगर, माहेर जालना)

उशिरा उत्तर देतेय, माफ करा. आधी मावशींचं काय झालं ते सांगायला हवं.

मुलानं विचारलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दोन हजार घेऊन त्यांच्याकडं गेले. तोवर त्यांनी पाच रुपये शेकड्यानं पैसे उचललेही होते. महिन्याला शंभर रुपये व्याज, माझ्या एका "बघू" पायी. मी म्हणाले हे घ्या आणि ते फेडून टाका. त्या घेईनात. म्हणाल्या, "ताई, तुम्ही नाही म्हणाला ना, मग मी माझी सोय केली." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. शेवटी लेकीचं नाव काढलं तेव्हा घेतले, आणि पगारातून दोनशे-दोनशे कापायचे या अटीवर. मला कापायचे नव्हते. पण अंबडच्या दादांची तूर वाचली आणि गप्प बसले. त्यांची अट त्यांच्यासाठी आहे. मी दर महिन्याला दोनशे कापते.

अर्पण चालूच आहे. पण पौलानं करिंथकरांना पहिल्या पत्राच्या शेवटी सांगितलंय की आठवड्याच्या पहिल्या दिवशी ज्यानं त्यानं आपल्याजवळ काही बाजूला काढून ठेवावं, ते मी आता घरात करायला लागलेय. पगार झाला की दशांशाचा एक भाग चर्चला पाठवते आणि एक भाग रोख घरात ठेवते, "उद्या ये" म्हणायची वेळ येऊ नये म्हणून. मिस्टरांचं म्हणणं होतं की सगळा दशांश चर्चलाच गेला पाहिजे. आमचं यावर दोन संध्याकाळी बोलणं झालं. अनुवाद १४ दोघांनी मिळून वाचलं. ते अजून पूर्ण पटलेले नाहीत, पण पाकिटावर त्यांनीच पेननं "तिसऱ्या वर्षाचं" असं लिहिलं.

आणि डबा आणलाय. डालड्याचा नाही मिळाला, स्टीलचा आहे. माझ्या उंचीला ठेवला होता, मुलानं उचलून खालच्या फळीवर ठेवला. आता मूठ तोच टाकतो. त्याची मूठ लहान आहे म्हणून दोनदा टाकतो. काल वजन केलं, दीड किलो ज्वारी भरली. आमच्या मागच्या गल्लीत एक आजी एकट्याच राहतात, त्यांच्याकडं जायचा विचार आहे. आधी जाऊन नुसतं बसणार आहे, औसा रोडच्या ताईंनी सांगितलं तसं. ज्वारी चालेल ना, की तांदूळ न्यावेत?

---

औसा_रोड (लातूर)

ज्वारीच न्या ताई, म्हाताऱ्या माणसाला भाकरीच लागते. पण दळून न्या. गिरणीत न्यायला-आणायला त्यांना जमत नसेल, आणि दळणाचे पैसे पण लागतातच की.

---

मूठभर_ज्वारी (छत्रपती संभाजीनगर, माहेर जालना)

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आज संध्याकाळी दळून आणते.